वाढदिवस बंद करू नका, जागांच्या जाहिराती घेण्याची पद्धत बदला

प्रश्न थोडक्यात असा आहे. सासवडच्या एका तरुणाने दीड वर्षापूर्वी गावासाठी रोजचं एक पान सुरू केलं. सकाळी गावातल्या लोकांचे वाढदिवस, आणि त्याखाली भाड्याने द्यायच्या आणि विकायच्या जागा. वाढदिवसांना भरभरून प्रतिसाद आहे, पण त्यातून एक रुपया येत नाही. जागांच्या जाहिरातींचे पैसे येतात, पण सहा महिन्यांत तो भाग एजंटांनीच भरून टाकला आणि आता दोन तक्रारी आल्यात. एकाने फ्लॅट न बघता दहा हजार टोकन पाठवलं आणि पलीकडचा फोन बंद झाला. दुसऱ्याने नोटरीवर घेतलेला गुंठा त्याच्या नावावर होत नाहीये. तर वाढदिवस बंद करून फक्त जागा ठेवाव्यात का, आणि जाहिरातीला दर काय लावावा?

मी पुण्यात पर्वती-सहकारनगर भागात २००३ पासून आठ पानी मासिक पत्रक काढते. पुढे त्याच्या जोडीला रोज सकाळचा व्हॉट्सअ‍ॅप संदेशही सुरू केला. पहिल्या अंकापासून त्यात वाढदिवस आहेत आणि जागाही आहेत. तुमच्या दोन्ही तक्रारींसारख्या तक्रारी माझ्याकडे येऊन गेल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. दराचं शेवटी सांगते, कारण तुमची अडचण दराची नाहीये.

लोक तुम्हाला घरातल्या माणसाचा वाढदिवस कळवतात ते तुम्ही गावातले आहात म्हणून. 'अमक्याचा मुलगा आहे, त्याला सांगितलं तरी चालतं', एवढा त्यामागे भरवसा असतो. त्याच पानावर खाली जागा दिसली की ती तुम्ही बघून, विचारपूस करून टाकली असणार असं वाचणारा धरून चालतो. 'जाहिरातीतल्या मजकुराला आम्ही जबाबदार नाही' अशी ओळ तुम्ही खाली टाकत असाल, पण ती कोणी वाचत नाही आणि वाचली तरी मनावर घेत नाही. टोकन पाठवणाऱ्या त्या माणसाला एजंट कोण हे माहीतही नव्हतं. त्याने पैसे पाठवले ते तुमच्या पानाकडे बघून. म्हणजे वाढदिवसांनी जी पत कमावली, ती तुम्ही नकळत एजंटांना भाड्याने दिलीत. वाढदिवस बंद केलेत तर ती पतही जाईल आणि उरतील नुसते एजंट. त्यांना तुमच्यावाचून दुसरी दहा ठिकाणं आहेत.

शिवाय हिशोब साधा आहे. एका कुटुंबाला जागा विकायची किंवा भाड्याने द्यायची वेळ दहा-पंधरा वर्षांत एखाद्या वेळी येते. वाढदिवस मात्र त्याच घरात वर्षाला चार-पाच येतात. त्या चार-पाच फोनांमुळे तुमचा नंबर त्यांच्याकडे राहतो, आणि वरचा मजला रिकामा झाला की पहिला फोन तुम्हाला येतो. माझ्याकडे आलेल्या मालकांच्या जाहिरातींपैकी बहुतेक घरांतून आधी वाढदिवस आलेले असतात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुम्ही एकटे आहात की कोणी मदतीला आहे, पान फक्त फोनवर आहे की छापता, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे व्यवहार झाल्यावर तुम्ही टक्केवारी घेता की नाही. हे तुम्ही लिहिलेलं नाही. टक्केवारी घेत असाल तर पुढचं बरंचसं तुम्हाला लागू होणार नाही, कारण मग तुम्ही पान चालवणारे राहत नाही, दलाल होता. दलाली हा चांगला धंदा आहे, पण तो नोंदणी करून, वेगळ्या पाटीखाली करावा. मी बावीस वर्षांत एकाही व्यवहारात दलाली घेतलेली नाही. जाहिरातीचे पैसे घेते आणि तिथेच थांबते. छापून नियमित वाटणार असाल तर नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झालाय, नोंदणी आता ऑनलाइन होते. ती आधी करून घ्या.

आता वाढदिवसांकडे वळते, कारण तुम्हाला ते सोपं काम वाटतंय आणि माझ्या सगळ्यात मोठ्या चुका तिथेच झाल्यात.

सुरुवातीला मी एक वही केली होती. तारीखवार नावं. एकदा नाव लिहिलं की दर वर्षी आपोआप छापायचं. तिसऱ्या की चौथ्या वर्षी एका गृहस्थांना 'उदंड आयुष्याच्या शुभेच्छा' छापल्या, आणि ते चार महिन्यांपूर्वी गेले होते. संध्याकाळी त्यांच्या सुनेचा फोन आला. ती रागावली नाही. 'सासूबाईंनी अंक हातात घेतला आणि तशाच बसून राहिल्यात, तुम्ही एकदा येऊन जाल का,' एवढंच म्हणाली. मी गेले. त्या बाईंनी मला चहा दिला. त्या दिवसापासून माझा नियम आहे की गेल्या वर्षीच्या नावावर यंदाचं नाव छापायचं नाही. महिना सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात प्रत्येक घरी फोन जातो. 'पुढच्या महिन्यात काकांचा वाढदिवस आहे ना, टाकू ना?' दोन मिनिटांचा फोन. त्यातून कोण आजारी आहे, कोणाचं लग्न ठरलंय, कोण घर बदलतंय हे सगळं कळतं. तुमचं पान रोजचं आहे, म्हणून रोज सात-आठ फोन असं धरा. तेवढा वेळ नसेल तर नावं कमी घ्या, पण न विचारता घेऊ नका.

परवानगी ज्याचा वाढदिवस त्याचीच हवी. मित्रांनी परस्पर पाठवलेलं नाव मी घेत नाही, कितीही प्रेमाने पाठवलेलं असलं तरी. लहान मुलांचं फक्त आई-वडिलांकडून घेते, आणि त्यात शाळेचं नाव नाही, गणवेशातला फोटो नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. कायदा नसता तरी मी हेच केलं असतं. जन्मसाल छापू नका. तारीख, महिना आणि नाव पुरे. पत्ता म्हणून आळी किंवा पेठ पुरे, घर नंबर नको, मोबाइल तर नकोच.

हे मी इतकं ठासून का सांगतेय, त्याचं कारण आहे. एका बाईंच्या पंचाहत्तरीचा मी छान चौकोन केला होता. फोटो, जन्मतारीख सालासकट, 'चिरंजीव अमेरिकेत स्थायिक, स्वतः एकट्या राहूनही सतत कामात.' कौतुकानेच लिहिलं होतं. पंधरा दिवसांनी त्यांना फोन आला. बोलणाऱ्याने आधी वाढदिवसाच्या उशिरा शुभेच्छा दिल्या, मुलाचा मित्र म्हणून ओळख सांगितली, मुलाने पाठवलेली भेट कस्टममध्ये अडकलीय, सोडवायला पैसे भरावे लागतील म्हणाला. त्यांनी भरले. पैसे मिळाले नाहीत. त्या चौकोनातल्या प्रत्येक ओळीचा त्या माणसाने वापर केला होता, आणि ती प्रत्येक ओळ मी लिहिली होती. आज असं काही झालं तर १९३० या नंबरवर लगेच फोन करायला सांगा. पहिल्या काही तासांत पैसे गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. पण मुळात 'एकट्या राहतात' हे शब्द माझ्या पत्रकात त्यानंतर कधी आले नाहीत.

याउलट जिथे थोडा जास्त वेळ द्यावा असा भाग म्हणजे म्हातारी माणसं. आपल्याकडे साठ-सत्तरीच्या पुढच्या कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून असते, हे तुम्हालाही दिसलं असेल. शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिलेली ती तारीख. खरी तारीख विचारली तर आई सांगते 'नागपंचमीच्या आदल्या दिवशी', नाहीतर 'आषाढीची दिंडी वेशीत होती तेव्हा'. सासवडला तर माउलींच्या पालखीचा मुक्काम असतो, सोपानकाकांची पालखी तुमच्याच गावातून निघते, तेव्हा तुमच्याकडे अशा खुणा भरपूर निघतील. आमच्या भागात काळ मोजायचं माप म्हणजे पानशेतचा पूर. २०१४ साली एका गृहस्थांचं नाव १ जूनला टाकण्यासाठी फोन केला, तर मागून त्यांच्या आई म्हणाल्या, 'तो काही त्याचा वाढदिवस नाही. पुराच्या दुसऱ्या दिवशी गुरुवार होता ना, तो नाही, त्याच्या पुढचा गुरुवार. म्हणून तर दत्ताचं नाव ठेवलं.' पूर आला १२ जुलै १९६१ ला, बुधवारी. मी कॅलेंडर काढून बसले. पुढचा गुरुवार म्हणजे २० जुलै. त्रेपन्नाव्या वर्षी त्यांना पहिल्यांदा त्यांच्या खऱ्या दिवशी ओवाळलं गेलं. तेव्हापासून त्या घरातून दर वर्षी फोन मला येतो, मला करावा लागत नाही.

तिथीने वाढदिवस करणारी घरंही विचारून ठेवा. त्यांची तारीख दर वर्षी हलते आणि अधिक महिना आला की आणखी पुढे जाते. साठीशांत, पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन यांना जागा मोठी द्या. पुढाऱ्यांचे वाढदिवस मात्र वेगळे काढा. त्यांचे कार्यकर्ते पैसे देऊन मोठा फोटो मागतात. द्यायला हरकत नाही, पण वर 'जाहिरात' असं स्पष्ट लिहा, आणि पानावर इतरांच्या वाढदिवसांत मिसळू नका. निवडणुकीच्या काळात पैसे देऊन दिलेल्या अशा शुभेच्छा उमेदवाराच्या खर्चात धरल्या जाऊ शकतात, म्हणून आचारसंहिता लागली की मी त्या घेतच नाही.

आता जागा. यांचे तीन वेगळे ढीग करा: भाड्याच्या, जुन्या घरांच्या विक्रीच्या, आणि नव्या प्रकल्पांच्या किंवा प्लॉटिंगच्या. तिन्हींची तपासणी वेगळी आहे आणि तुम्ही बहुधा तिन्हींना एकच फॉर्म लावताय.

भाड्याच्या जागेसाठी मी घरपट्टीची पावती किंवा लाइट बिल बघते आणि त्यावरच्या नावाच्या माणसाशी स्वतः बोलते. मुलगा, भाचा, शेजारी कोणीही जाहिरात आणून दिली तरी मालकाशी बोलल्याशिवाय लागत नाही. ही एवढी एकच गोष्ट केली असती तर तुमचा टोकनवाला वाचला असता, कारण तो फ्लॅट ज्याने टाकला त्याचा नव्हताच. भाडं आणि डिपॉझिट आकड्यात लिहायचं, 'भेटीअंती' चालणार नाही. क्षेत्रफळ कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं, लिहायचं. अमुक जातीच्या, अमुक धर्माच्या लोकांनाच देणार अशी ओळ मी छापत नाही. मालक घरी काय ठरवतो ते मला अडवता येत नाही, पण माझ्या पत्रकात शेजाऱ्यांना असं वाचायला लागू नये. जाहिरातीच्या वेळीच मालकाला सांगून ठेवा की अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करारसुद्धा महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ ने ती जबाबदारी मालकावर टाकली आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांकडेही द्यायची असते. गावात अजून 'ओळखीचाच आहे, कशाला करार' असं चालतं, आणि मग भांडण झालं की दोन्ही बाजू तुमच्याकडे येतात.

रिकाम्या घराचा पत्ता छापू नका. कुठल्या भागात, किती खोल्या, कितवा मजला एवढं पुरे. फोन आल्यावर मालक पत्ता देईल. 'मालक परदेशी, चावी शेजारी' असं लिहून पाठवणारे खूप असतात. ते वाक्य कापा. त्याच कारणाने वाढदिवसांची यादी आणि जागांची यादी मी दोन वेगळ्या वह्यांत ठेवते. एकाच माणसाची जन्मतारीख, पत्ता आणि कोणतं घर रिकामं पडलंय हे एका कागदावर येऊ देत नाही.

प्रत्येक जागेला तारीख टाका आणि पंधरा दिवसांनी ती काढा. मालकाला फोन करून 'अजून आहे का' विचारूनच पुन्हा लावा. गेलेल्या जागा तशाच लावून ठेवणं ही एजंटांची जुनी सवय आहे. स्वस्तातला, हवेशीर, रस्त्याला लागून असलेला फ्लॅट महिनोन्‌महिने दिसतो, फोन केला की 'तो कालच गेला, दुसरा दाखवतो'. तुमच्या पानावर असे किती आहेत ते आजच मोजा.

विक्रीच्या जुन्या घरांबद्दल एक प्रसंग सांगते, कारण वाढदिवस आणि जागा एकाच हातात का असाव्यात ते त्यातून कळेल. एक गृहस्थ जुन्या वाड्यातल्या त्यांच्या भागाची जाहिरात घेऊन आले. मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आणली होती, पण तिच्यावर अजून त्यांच्या आजोबांचंच नाव होतं, वारसनोंद झालेली नव्हती. 'वडील गेले, मी एकटाच आहे,' ते म्हणाले. मला आठवत होतं की त्यांच्या वाढदिवसाला दर वर्षी दोन बहिणींकडून शुभेच्छा येतात, एक चिंचवडहून आणि एक साताऱ्याहून. मी इतकंच विचारलं, 'ताईंना माहीत आहे का?' ते बराच वेळ टेबलावरच्या कागदांकडे बघत राहिले. मग म्हणाले, 'नाही सांगितलं अजून. सांगायचं कसं हेच कळत नाहीये.' त्यांना फसवायचं नव्हतं. वडिलांच्या आजारपणात त्यांनी कर्ज काढलं होतं आणि ते कोणाला बोलले नव्हते. मी जाहिरात ठेवून घेतली, पण छापली नाही. बहिणींना मी स्वतः फोनही केला नाही. वाढदिवसासाठी दिलेला नंबर त्यासाठीच वापरायचा, हे मी पाळते. दोन महिन्यांनी तिघं भाऊ-बहीण एकत्र आले, वारसनोंदीचा अर्ज दिलेली पावती घेऊन. मग जाहिरात लागली. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या बदलानंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, हे घेणाऱ्यांनाही कळत असतं. बहिणींच्या सह्या नसलेलं घर घेणारा शेवटी कोर्टात जाऊन बसतो. नुसत्या जागा टाकणाऱ्याला त्या बहिणी आहेत हेही कळलं नसतं.

म्हणून विक्रीसाठी मी इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या खरेदीचा उतारा, किंवा मिळकत पत्रिका बघते, आणि कागदावर जितकी नावं तितक्यांची संमती आहे का एवढं विचारते. मी वकील नाही आणि मालकी स्वच्छ आहे असं कधी लिहून देत नाही. जाहिरातीत फक्त 'अमुक कागद पाहिला' एवढं छापते. ते खरं असतं आणि वाचणाऱ्याला पुढे काय तपासायचं ते कळतं.

जमीन आणि प्लॉट हा तुमच्यासाठी सगळ्यात जपून हाताळायचा भाग आहे. पुरंदरच्या विमानतळाची चर्चा सुरू झाल्यापासून तुमच्या तालुक्यात गुंठ्यांच्या जाहिरातींचा पूर आलाय. सात गावांच्या जमिनींचा प्रश्न आहे, शेतकऱ्यांनी विरोध केलाय, आणि त्याच वेळी पुण्यातल्या माणसाला 'एअरपोर्ट टच' म्हणून तुकडे विकले जातात. 'टच', 'लवकरच एनए' (म्हणजे बिगरशेती), 'भविष्यातला रिंगरोड' हे शब्द मी जाहिरातीतून काढून टाकते. आज काय आहे ते लिहा. अंतर किलोमीटरमध्ये लिहा. 'स्वारगेटपासून वीस मिनिटं' असं लिहिणाऱ्याला दिवे घाट संध्याकाळी कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको.

जमिनीसाठी ताजा, डिजिटल सहीचा सातबारा मागा. तो ऑनलाइन पंधरा रुपयांत मिळतो, त्यामुळे 'कागद घरी राहिला' ही सबब चालवून घेऊ नका. त्यात तीन गोष्टी बघा. भोगवटादार वर्ग एक आहे की दोन. वर्ग दोनची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. इतर हक्कात बोजा, कूळ, कोणाची नावं आहेत का. आणि क्षेत्र किती, विकायला काढलंय किती. एकराचे चाळीस गुंठे, गुंठ्याचे १०८९ चौरस फूट. शेतीच्या सातबाऱ्यातून एक-दोन गुंठे काढून विकायला तुकडेबंदी कायदा आड येतो, कारण ठरावीक क्षेत्राहून छोटा तुकडा त्यात चालत नाही. २०२३ मध्ये हे किमान, म्हणजे प्रमाणभूत, क्षेत्र जिरायतीला वीस आणि बागायतीला दहा गुंठे केलं गेलं. त्यानंतर २०२५ मध्ये शहरी आणि निवासी पट्ट्यातल्या छोट्या तुकड्यांसाठी सरकारने सवलत आणली आहे. तुमच्याकडे तक्रार घेऊन आलेल्या माणसाचा गुंठा त्या सवलतीत बसतो का, हे दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात आणि तलाठ्यांकडे गट नंबर घेऊन विचारा. बसत असेल तर त्याचा मार्ग निघेल. शेतकरी नसलेल्या माणसाला महाराष्ट्रात शेतजमीन घेता येत नाही हेही प्रत्येक शेतजमिनीच्या जाहिरातीखाली एका ओळीत टाका. पुण्यातल्या नोकरदारांना ते अनेकदा टोकन दिल्यावर कळतं.

नवे प्रकल्प आणि प्लॉटिंगच्या योजना यांना महारेरा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, नोंदणी लागते. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा सदनिका आठपर्यंत असतील तर सूट आहे, बाकी सगळ्यांना नोंदणीआधी जाहिरातच करता येत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत महारेराचा क्यूआर कोडही लागतो. तो आपल्या मोबाइलवर स्कॅन करून बघा, प्रकल्पाचं नाव आणि गाव जुळतंय का. नोंदणी झालेल्या प्रकल्पांतल्या जागा विकणाऱ्या एजंटलाही महारेरा नंबर लागतो. तो नंबर जाहिरातीत छापा. आणि प्रत्येक जागेवर 'मालक' किंवा 'एजंट' असं लिहा. मी एका एजंटला एका अंकात दोनच जाहिराती देते, आणि एकूण जागांपैकी अर्ध्याहून जास्त एजंटांच्या होऊ देत नाही. पहिल्या वर्षी यामुळे माझं उत्पन्न निम्म्यावर आलं होतं. दुसऱ्या वर्षी मालक वाढले, कारण फोन खरे येऊ लागले. चांगले एजंट टिकले, ते अजून आहेत.

आता त्या दोन तक्रारी. गुंठ्याचं वर सांगितलंच. टोकन गेलेल्या माणसाला आजच भेटा. फोनवर नको. ज्याने जाहिरात दिली त्याचा नंबर, जाहिरातीचे पैसे कुठून आले ते, सगळं त्याला लिहून द्या आणि पोलिसांत जाताना सोबत जा. त्या जाहिरातीचे तुम्ही घेतलेले पैसे या टोकन गेलेल्या माणसाला द्या, रक्कम छोटी असली तरी. पानावर साध्या शब्दांत लिहा की अमुक जाहिरात खोटी निघाली, आम्ही मालकाची खात्री केली नव्हती, यापुढे करू. माझ्यावर ही वेळ आली तेव्हा लिहायला हात धजत नव्हता. लिहिल्यावर दोन जणांनी फोन करून सांगितलं की त्याच नंबरवरून त्यांनाही टोकन मागितलं होतं. सध्या पानावर असलेल्या सगळ्या जागा एक आठवडा उतरवा आणि एकेका मालकाशी बोलून परत चढवा. टोकन, चावी, कागद यांतलं काहीही तुमच्या हातून जाऊ देऊ नका. 'तुम्हीच ठेवा, तुमच्यावर विश्वास आहे' असं दोघंही म्हणतील, तरी नाही म्हणा.

दराचं. वाढदिवस कायम फुकट ठेवा. त्यांचे पैसे केकवाला, फुलवाला, छोटा हॉल, वाजंत्रीवाला यांच्या महिन्याच्या जाहिरातीतून येतात, आणि सासवडसारख्या गावात ती दुकानं तुम्हाला चेहऱ्याने ओळखतात. फक्त त्यांना यादी देऊ नका. एका भेटवस्तूंच्या दुकानाने मला पुढच्या महिन्याचे वाढदिवस मोबाइल नंबरांसकट मागितले होते, वर्षाच्या जाहिरातीच्या बदल्यात. मी यादी दिली नाही आणि ती जाहिरातही सोडली. जागांना मी सध्या भाड्याच्या जाहिरातीला पंधरा दिवसांचे २००, मालकाच्या विक्रीला महिन्याचे ५०० आणि एजंटला १००० घेते. तुमच्याकडे आकडे वेगळे बसतील. ठरवताना एवढंच बघा की एका जागेमागे तुमचे तीन-चार फोन आणि एक कागद बघायचा वेळ जातो. तो वेळ ज्या दरात निघतो तो तुमचा दर. त्याहून कमी घेतलात तर तुम्ही तपासणी सोडून द्याल.

आणि १ जूनची तयारी मे महिन्यातच करून ठेवा. माझ्या जूनच्या अंकात मी एकही जागा घेत नाही, कारण दोन पानं नावांनीच भरतात. गेल्या खेपेला साठच्या वर होती. फोन करताना प्रत्येकाला विचारते, खरी तारीख कोणाला आठवते का घरात, आणि दर वर्षी त्यातली दोन-तीन नावं दुसऱ्या महिन्यात जातात.